फ्यूजच्या जागी बोल्ट

मी एक जीप आहे, आणि आधीच सांगते, रागात बोलतेय. गोड बोलणाऱ्या गाड्या तुम्हाला शोरूममध्ये पुष्कळ भेटतील. मी जळलेली आहे.

तुम्ही मला बहुतेक मोबाईलवर पाहिलंय. अजिंठ्याच्या पलीकडच्या माळावर एक खाकी जीप पेटलीय, छतावरच्या सोलर पॅनलची काच तडकतेय आणि एक माणूस डोक्याला हात लावून उभा आहे. ती जीप मी. तो माणूस माझ्या पहिल्या मालकाचा मुलगा. त्या व्हिडिओखाली हजारो लोकांनी लिहिलंय, 'पोरीच्या हातात वायरिंग दिलं की असंच होणार.'

त्यातल्या एकानंही माझ्याजवळ येऊन आत काय जळलंय ते पाहिलं नाही. म्हणून मीच सांगते.

मला आप्पासाहेबांनी कोरी घेतली. कन्नड तालुक्यात, पिशोरच्या बाजूला त्यांची शेती. माझ्या पाठीवर अद्रकीची पोती गेली, खताच्या गोण्या गेल्या, वऱ्हाडं गेली, बाळंतपणाला निघालेल्या बाया गेल्या. आप्पासाहेब तापट माणूस. चाक चिखलात रुतलं की अर्ध्या शिव्या मला, अर्ध्या चिखलाला. पण सकाळी बॉनेट उघडून तेल-पाणी बघितल्याशिवाय त्यांनी कधी चावी फिरवली नाही. आणि ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यात हात घातला नाही. काही बिघडलं की कन्नडहून मिस्त्री बोलवायचे. मिस्त्री माझ्याखाली शिरला की हे खाट टाकून गप्प बसायचे, त्याला चहा द्यायचे, आणि लोकांना त्याचं नाव घेऊन सांगायचे की याच्या हातानं गाडी चालतीय.

ते गेले, आणि मी गोठ्याच्या बाजूच्या पत्र्याखाली सात वर्षं उभी राहिले. त्यांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, माझ्या बॉनेटवर धोतर अंथरून कुरडया वाळवल्या. कोंबड्या माझ्या सीटखाली अंडी घालायच्या. त्याचा मला कधी राग आला नाही. कुणाच्या तरी कामाला येत होते.

मग त्यांचा मुलगा इंद्रजीत सुट्टीला आला. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर, शहरात गारखेड्याला फ्लॅट, बायको श्रेया कॉलेजात गणित शिकवणारी. त्यानं माझ्याभोवती तीन चकरा मारल्या, फोननं फोटो काढले आणि आईला म्हणाला, "आई, हिला कॅम्पिंगची गाडी करतो. हिच्यातच झोपायचं, हिच्यातच रांधायचं. वीज सगळी सूर्याची."

सारजाबाई म्हणाल्या, "राहायला घर हाय की रे तुला."

तो हसला. मीही तेव्हा खूष झाले होते, खोटं कशाला बोलू. सात वर्षांनी कुणीतरी मला बाहेर काढत होतं.

ट्रकवर घालून मला वाळूजला आणलं. तिथल्याच रांजणगावच्या गल्लीत अजिनाथचं छोटं वर्कशॉप होतं. अजिनाथ वेल्डिंग करायचा, आणि वायरिंगचं सगळं काम त्याची धाकटी बहीण ज्ञानेश्वरी करायची. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही भावंडं. ज्ञानेश्वरीनं सहा वर्षं एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी बांधल्या होत्या, तिन्ही पाळ्यांत. कंत्राट संपलं तेव्हा ती भावाकडे आली.

तिचं काम मी कधी विसरणार नाही. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिनं आधी माझा नकाशा काढला. छतावर दोन पॅनल, तिथून चार्जिंग आवरणारा कंट्रोलर, तिथून बॅटरी, बॅटरीतून पुढं एकेक फाटा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तिनं नंबर लावले. प्रत्येक जोड पक्का केल्यावर तो तीनदा ओढून बघायची. एक जोड तिसऱ्यांदा किंचित हलला, तर तिनं अख्खं टोक कापून टाकलं आणि नव्यानं केलं. जेवायची वेळ टळून गेली होती. अजिनाथ ओरडला, "अगं, चालतंय तेवढं!" ती म्हणाली, "दादा, ही डोंगरात हादरणार हाय. तिथं कोण बसलंय जोड बघायला?"

अजिनाथनं मागच्या सीटा काढल्या, प्लायवूडचा पलंग केला, पलंगाखाली बॅटरीचा डबा. छताला लोखंडी कॅरियर, त्यावर पॅनल. ज्या दुपारी पॅनलवरचं झाकण काढलं, त्या दुपारी माझ्या अंगात ऊन उतरलं. डिझेल मला माहीत होतं. ते घशाखाली जाळत जातं. ऊन मात्र आवाज न करता आत आलं आणि पलंगाखाली साठत राहिलं. छोटा पंखा फिरायला लागला. ज्ञानेश्वरीनं त्याच्यासमोर तोंड धरलं आणि लहान पोरीसारखी हसली.

काम संपलं त्या दिवशी इंद्रजीत आणि श्रेया आले. ज्ञानेश्वरीनं डबा उघडून एकेक गोष्ट दाखवली.

"सर, हा मेन फ्यूज. बॅटरीच्या अगदी जवळ लावलाय. ही वायर मी फ्रिज, पंखा, दिवे, पाण्याची मोटर आणि लॅपटॉप, एवढ्याच्या हिशेबानं टाकलीय. त्याच्याहून जास्त काही ओढलं की फ्यूज उडंल. उडू द्या. तो उडला म्हणजे गाडी वाचली."

"आणि इंडक्शन?" इंद्रजीतनं विचारलं. "माझ्या चॅनलवर लोकांना सूर्यावर स्वयंपाक बघायचाय."

"नाय सर. इंडक्शनला वायर दुसरी लागती, बॅटरी मोठी लागती, इन्व्हर्टर दुसरा लागतो. पाहिजे असंल तर सगळं नव्यानं करू. ह्याच्यावर नका लावू. गॅसची छोटी शेगडी न्या."

श्रेयानं विचारलं, "किती फरक पडतो?"

ज्ञानेश्वरीनं कॅलेंडरच्या कागदावर भागाकार करून दाखवला. इतके वॅट, इतके व्होल्ट, म्हणून वायरीतून एवढा करंट.

"हे तर सोपं आहे," श्रेया म्हणाली.

"सोपंच हाय मॅडम. फक्त ऐकावं लागतं."

इंद्रजीत तोवर कॅमेरा लावत होता. ज्ञानेश्वरी माझ्या दारात उभी होती. तो तिला म्हणाला, "तू जरा फ्रेमच्या बाहेर हो." तिचीच पकड हातात घेऊन, कोरे हातमोजे घालून तो माझ्या पलंगाशी वाकून बसला आणि त्यानं आधीच घट्ट असलेला एक जोड परत घट्ट केल्यासारखं केलं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "मित्रांनो, आठ महिने. सगळं काम या दोन हातांनी."

माझ्या पत्र्यात कळ गेली. ज्ञानेश्वरी चार हातांवर भिंतीला टेकून उभी होती. अजिनाथचं तोंड लाल झालं. तिनं त्याचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "जाऊ दे दादा. पंखा फिरतोय ना?"

मला तिचा तेव्हा राग आला होता. का जाऊ द्यायचं?

सुरुवातीचे महिने बरे गेले, हे कबूल केलं पाहिजे. म्हैसमाळला गेलो, गौताळ्याच्या कडेला गेलो. श्रेया माझ्या मागच्या दारात पाय सोडून बसायची, फ्रिजमधलं ताक प्यायची, पेपर तपासायची. इंद्रजीत मात्र माझ्यात बसायचा कमी आणि माझ्यासमोर उभा राहायचा जास्त. एकच सूर्य तीनदा उगवल्यासारखा तो शूट करायचा. चहा गार झाला की पुन्हा वाफा दिसाव्यात म्हणून पुन्हा गरम. मी त्याची गाडी होते की त्याच्या मागचा पडदा, मला कळेना.

आणि बघणारे लोक एकच विचारत राहिले. 'सर, इंडक्शन कधी?'

एका रविवारी सकाळी गारखेड्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यानं माझा डबा उघडला. मोठा इन्व्हर्टर मागवला होता, इंडक्शन आणलं होतं. डब्यात अंधार, म्हणून श्रेयाला फोनचा टॉर्च धरायला लावला. ज्ञानेश्वरीनं टाकलेल्याच वायरीवर त्यानं तो मोठा इन्व्हर्टर जोडला. इंडक्शनवर पाणी ठेवलं. थोड्या वेळानं फ्यूज उडाला. दुसरा लावला, उडाला. तिसरा लावला, तोही उडाला.

तीनदा मी त्याला सांगितलं. माझ्याकडे सांगायला तेवढाच मार्ग होता, तो त्या पोरीनं मला दिला होता.

श्रेया म्हणाली, "तिनं नको म्हटलं होतं. तिला फोन लाव ना."

"तिला काय विचारायचं? दहावी झालेली पोरगी. इंजिनिअर मी आहे."

"तू मेकॅनिकलचा आहेस."

"टॉर्च नीट धर."

त्यानं माझ्या टूलबॉक्समधला एक बोल्ट घेतला, फ्यूजच्या जागी आडवा बसवला आणि नट आवळला. पाणी उकळलं. तो टाळी वाजवून म्हणाला, "बघ! काही होत नाही."

माझ्या आत ती वायर तेव्हाच ऊन व्हायला लागली होती. पाणी लवकर उकळलं म्हणून त्या दिवशी निभावलं.

मग तो दिवस आला. जानेवारी होती, दुपारची वेळ. अजिंठ्याच्या पलीकडं एका माळावर त्यानं मला उभी केली. थोड्या अंतरावर कडूबा नावाचा मेंढपाळ आणि त्याची बायको गीताबाई यांची मेंढरं बसली होती. श्रेयाच्या अंगात ताप होता. ती गोळी घेऊन पलंगावर झोपली. धूळ येते म्हणून इंद्रजीतनं मागचं दार लावलं. त्या दाराला त्यानं नंतर रिमोटचं कुलूप बसवलं होतं, तेही माझ्याच बॅटरीवर. पुढच्या सीटांच्या मागं त्यानं भांड्यांचं कपाट ठोकलं होतं. म्हणजे पलंगावरून बाहेर यायला तेवढं एकच दार.

बाहेर त्यानं टेबल मांडलं, इंडक्शन ठेवलं, कॅमेरा लावला. आज मटण, तेही पूर्ण सूर्यावर. मटण शिजायला किती वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. तो बोलत राहिला. पर्यावरणावर बोलला, स्वावलंबनावर बोलला. माझ्या पलंगाखाली वायरीवरचं प्लास्टिक आधी मऊ झालं, मग गळायला लागलं, मग प्लायवूडला लागलं. मी जळतेय हे मला कळत होतं आणि माझ्या पोटात एक तापानं फणफणलेली बाई झोपली होती. हॉर्न माझाच, पण मला तो दाबता येत नाही. आयुष्यात मला एवढी चीड कधीच आली नव्हती.

कडूबा लांबून ओरडला, "ओ साहेब! गाडीतून धूर निघायलाय! ओ साहेब!"

इंद्रजीत वळला. त्यानं पाहिलं. आणि आधी कॅमेरा उचलून लांब नेऊन ठेवला. मी पाहिलंय. आधी कॅमेरा. मग 'श्रेया' म्हणून हाक मारली.

दार उघडेना. रिमोट दाबतोय, दाबतोय. ज्या वायरी जळत होत्या, त्यांच्यावरच ते कुलूप होतं. आतून श्रेया खोकत दार बडवत होती. तोवर कडूबा पोचला. त्यानं खांद्यावरची कुऱ्हाड घेतली आणि माझी बाजूची काच फोडली. त्या घावाचं मला दुःख नाही. आणखी दहा घातले असते तरी चाललं असतं. घोंगडी काचेवर टाकून त्यानं आणि गीताबाईनं श्रेयाला खांद्याला धरून बाहेर ओढलं. तिचा डावा पंजा दाराच्या तापलेल्या कडीला चिकटून भाजला होता. गीताबाईनं प्यायच्या पाण्याचं कॅन तिच्या हातावर रिकामं केलं. कडूबा घमेल्यानं माझ्यात माती टाकत राहिला.

इंद्रजीत डोक्याला हात लावून उभा होता. लांब ठेवलेला कॅमेरा चालूच होता.

चार दिवसांनी त्यानं व्हिडिओ टाकला. त्यात कडूबा नव्हता, कुऱ्हाड नव्हती, इंडक्शन नव्हतं. तो होता आणि मी होते. आवाज भरून आणून तो म्हणाला, "ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनी घात केला. रांजणगाव, अजिनाथचं वर्कशॉप. वायरिंग करणारी, ज्ञानेश्वरी केरबा पांढरे. नाव लक्षात ठेवा."

मी चालत होते तेव्हा तिचं नाव कुठंच नव्हतं. मी जळले तेव्हा बापाच्या नावासकट, आडनावासकट!

पुढचं मला नंतर अजिनाथच्या तोंडून कळलं. दिवसभर फोन, शिव्या. कामाला आलेल्या दोन गाड्या मालक परत घेऊन गेले. वर्कशॉपच्या शटरवर कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'येथे आग लावून मिळेल.' ज्ञानेश्वरीनं ते पाण्यानं धुतलं. दोन दिवसांनी परत लिहिलेलं होतं.

मला ओढून आणून गारखेड्याच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं होतं. एका सकाळी ताडपत्री उचलली गेली, आणि समोर ज्ञानेश्वरी. बरोबर अजिनाथ आणि त्यांचे वडील केरबा, उभं आयुष्य मेंढरांमागं चाललेला माणूस. इंद्रजीत खाली धावत आला. सोसायटीतले चारपाच जण जमले.

"सर, मला डबा उघडून बघायचाय," ती म्हणाली.

"काय बघणार? जळून खाक झालंय सगळं."

"तांबं खाक होत नाय सर."

"हे बघ, मी अजून पोलिसात गेलो नाही, उपकार समज. चल, निघ."

केरबा शांतपणे म्हणाले, "जा की साहेब पोलिसात. आमी इथंच बसतो."

तेवढ्यात श्रेया जिना उतरून आली. डाव्या हाताला जाड पट्टी. "उघडू दे तिला," एवढंच म्हणाली.

ज्ञानेश्वरी माझ्यात शिरली. कोळसा झालेलं प्लायवूड तिनं हातानं बाजूला सारलं. स्क्रू ड्रायव्हरनं राख खरवडली. आणि थांबली. काळा पडलेला, आडवा बसलेला तो बोल्ट तिच्यासमोर होता.

"दादा, फोटो काढ. त्याला हात नको लावू, जागेवरच राहू दे." मग ती बाहेर आली. तिचे हात काळे झाले होते, आवाज मात्र अजिबात हलला नाही. "सर, इथं मी फ्यूज लावला होता. हा बोल्ट कुणी लावला?"

इंद्रजीतनं जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "तुमच्याच वर्कशॉपमधला बोल्ट असणार. तूच लावला असशील. फ्यूजचे पैसे वाचवायला."

"टॉर्च मी धरला होता, इंद्रजीत."

श्रेयाचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"रविवार होता. हीच जागा. तीन फ्यूज उडाले. मी म्हटलं तिला फोन लाव. तू म्हणालास, दहावी झालेली पोरगी." मग ती ज्ञानेश्वरीकडे वळली. "मी तेव्हाच हात मागं घ्यायला पाहिजे होता. आणि व्हिडिओ आला तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी गप्प बसले."

मला वाटलं, ज्ञानेश्वरी आता म्हणेल, जाऊ द्या मॅडम. नाही म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला.

"व्हय मॅडम, बोलायला पाहिजे होतं. माझ्या दादाच्या शटरवर लोक काय काय लिहून गेले. माझा बाप गावात मान खाली घालून चालतो. तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मान खाली घातली नाही. "हो, होतं. आता बोलते. फोन काढ, शूट कर."

माझ्या जळक्या दारात उभी राहून तिनं सगळं सांगितलं. इन्व्हर्टर, तीन फ्यूज, बोल्ट, कुलूप, कडूबाची कुऱ्हाड. कुठंही स्वतःला वाचवलं नाही. इंद्रजीत मधेच वर निघून गेला.

आता तुम्हाला वाटेल, सगळं ठीक झालं. कसलं ठीक? इंद्रजीतचा व्हिडिओ जेवढ्यांनी पाहिला, त्यांच्यातल्या शंभरांपैकी दोघातिघांनीसुद्धा श्रेयाचा पाहिला नाही. रडणारा माणूस आणि पेटलेली गाडी लोकांना बघायला आवडते. राखेतला बोल्ट कोण बघणार? इंद्रजीतनं आपला व्हिडिओ काढून टाकला, तोही गुपचूप. माफी नाही. 'काही तांत्रिक गैरसमज झाले,' एवढी एक ओळ. पण लोकांनी त्या व्हिडिओच्या प्रती करून ठेवल्यात, त्या अजून फिरतात. त्यानं आता नवी गाडी घेतलीय, असं ऐकते. श्रेया कॉलेजजवळ खोली घेऊन राहते. डाव्या हाताची दोन बोटं तिला अजून नीट मिटता येत नाहीत. कडूबाचे आभार मानायला ती एकटीच अजिंठ्याकडे जाऊन आली.

माझे कागद आप्पासाहेबांच्या मागं सारजाबाईंच्या नावावर झाले होते. त्यांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी फोनवर मुलाला सांगितलं, "गाडी त्या पोरीला दे. सही माझी लागती, मी देते." आणि फोन ठेवून दिला.

म्हणून मी आता रांजणगावात, वर्कशॉपच्या दाराशी उभी आहे. चाकं निघाली, काचा निघाल्या, इंजिन काढून बाजूला ठेवलंय. ज्ञानेश्वरी मला दुरुस्त करणार नाही. तिला मी अशीच पाहिजे. आता हळूहळू गिऱ्हाईकं येतात. काम सांगायला लागली की ती आधी त्यांना माझ्यापाशी आणते, डबा दाखवते आणि म्हणते, "हे बघा. आता बोला काय बसवायचं." काही जण निमूट ऐकतात. काही जण अजूनही अजिनाथकडे बघून विचारतात, "इंजिनिअर कोण आहे तुमच्याकडे?"

काल शिफ्ट सुटल्यावर दोन कामगार मोटारसायकलवरून गेले. एकजण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हीच ती. त्या पोरीनं जाळलेली."

ज्ञानेश्वरी आतच होती. तिनं ऐकलं. वायर सोलत राहिली.

तर माझं एक काम करा. तो व्हिडिओ कधी ना कधी तुमच्या फोनवर येईल. आला की पुढं ढकलू नका. त्याच्याखाली दोन ओळी लिहा. वायर ज्ञानेश्वरी केरबा पांढरेनं जोडली होती. फ्यूज इंद्रजीतनं काढला.

मीच लिहिलं असतं, पण मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.